बाबांची पद्मिनी, तेलाचं डबकं आणि वालचंद हिराचंद

काटोलला आमच्या घरी बाबांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या महिन्यात तिच्याखाली तेलाचं डबकं दिसलं. सकाळी सुरू केली की निळसर धूरही यायचा. इंजिन गेलं, भंगारात द्या, असं जो तो सांगू लागला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. मी ठरवलं, आधी तपासायचं, मग काय तो निर्णय.

इंजिन थंड होईपर्यंत मोबाइलवर ही गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाबद्दल वाचत बसलो आणि त्यातच रमलो.

वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरचा. घरचा व्यापार सोडून ते लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. 1919 मध्ये सिंधिया कंपनी काढली. तिचं पहिलं जहाज ‘लॉयल्टी’ जुनंच, दुसऱ्यांनी वापरलेलं होतं. ते मुंबईहून लंडनला गेलं खरं, पण 1923 मध्ये भंगारात निघालं. कंपनी मात्र इंग्रजी जहाज कंपन्यांच्या स्पर्धेतही टिकली. पुढे वालचंदांनी 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना आणि 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला.

मोटारीचं स्वप्नही तेव्हाचंच. त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली, पण युद्धकाळात सरकारने साथ दिली नाही. शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी बाहेरून आलेले भाग जोडले जायचे. नंतर फियाटशी करार झाला आणि हळूहळू भाग इथेच बनू लागले. 8 एप्रिल 1953 रोजी वालचंद गेले. त्याच वर्षी सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवावी लागेल. पद्मिनी हे नाव 1970 च्या दशकात आलं. ते पाहायला वालचंद नव्हते.

आता आमच्या गाडीकडे येऊ. तेल जिथे टपकतं, तिथूनच गळतं असं नसतं. ते वरून ओघळत येतं आणि वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून मी इंजिन पुसून कोरडं केलं, खाली पुठ्ठा ठेवला आणि फोटो काढला. दहा-बारा किलोमीटर फिरवून आणल्यावर टॉर्च लावून पुन्हा फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवून सगळ्यात वरचा ओला भाग शोधला. तो निघाला टॅपेट कव्हरच्या कडेला. तिथलं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. खालचा चेंबर फक्त वरच्या तेलाने माखला होता.

मग धूर. सुरू करताना थोडा येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. रेस दिल्यावर येतच राहिला, तर रिंग-पिस्टनवर. आमचा थांबायचा. खात्रीसाठी मिस्त्रींकडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घेतलं आणि त्याचा व्हिडिओ काढला. आकडे जवळजवळ सारखे आले. एखादा कमी आला असता तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा दोष.

म्हणजे बोर शाबूत होता. फक्त पॅकिंग आणि सील बदलायचे होते, आणि दोन्ही नागपुरात मिळाले. गाडी इथेच बनली, म्हणून तिचे सुटे भाग आणि ती खोलून बसवू शकणारे हात गावोगावी तयार झाले. वालचंदांच्या हट्टाचा मला कळलेला अर्थ हाच.

परवा बाबा तीच गाडी घेऊन संत्र्याच्या बागेत गेले. आल्यावर मी पुठ्ठा पाहिला. कोरडा होता.

तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी कॅमेरा उघडा.