रेल्वेमंत्री लालबहादूर

काशीनगरीपासून जवळच मुगलसराय नावाचे एक गाव आहे. उत्तर भारतातील आगगाड्यांचे ते मोठे जंक्शन. तेथील स्थानक आज पंडित दीनदयाळ उपाध्याय या नावाने ओळखले जाते. याच गावी २ ऑक्टोबर १९०४ रोजी लालबहादूर यांचा जन्म झाला. वडील शारदाप्रसाद हे आधी शिक्षक होते. पुढे त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी पत्करली. मूल अवघे दीड वर्षाचे होते न होते, तोच पित्याचे छत्र हरपले. माता रामदुलारी मुलांना घेऊन माहेरी आल्या आणि आजोळच्या आधाराने लालबहादूर वाढले.

पुढे शिक्षणासाठी ते काशीस राहिले. १९२१ साली गांधीजींची असहकाराची हाक कानी पडताच त्यांनी शाळा सोडली व चळवळीत उडी घेतली. काशी विद्यापीठ या राष्ट्रीय संस्थेत त्यांनी शास्त्री ही पदवी मिळविली आणि ती पदवीच त्यांच्या नावाला कायमची चिकटली. स्वातंत्र्यासाठी त्यांनी अनेक वेळा कारावास भोगला.

स्वतंत्र भारतात १९५२ साली त्यांच्याकडे रेल्वे व वाहतूक खात्याचे मंत्रिपद आले. सुमारे ५४ हजार किलोमीटर लांबीचे लोहमार्ग आणि लाखो नोकर असा हा अफाट कारभार! मंत्री काही स्वतः इंजिन हाकीत नाही, की पुलाचे खांबही तपाशीत नाही. मग तो करतो तरी काय? खात्याचे धोरण ठरविणे आणि त्या खात्याच्या बऱ्यावाईटाबद्दल संसदेला जाब देणे, हे त्याचे काम. त्याच्या हाताखाली रेल्वे बोर्ड असते. हे बोर्ड १९०५ साली स्थापन झाले. बोर्डाच्या हुकमतीत निरनिराळ्या प्रदेशांच्या रेल्वे येतात. शास्त्रीजींनी सूत्रे हाती घेतली तेव्हा अशा सहा रेल्वे होत्या. त्यांपैकी मध्य व पश्चिम या दोहोंची मुख्य ठाणी मुंबईत होती. १९५५ साली दक्षिण-पूर्व ही सातवी रेल्वे निर्माण झाली. प्रत्येक रेल्वेवर एक महाव्यवस्थापक, त्याच्या हाताखाली अधिकारी, त्यांच्याखाली स्टेशनमास्तर, आणि सर्वांत शेवटी उन्हापावसात रूळ तपाशीत हिंडणारा गँगमन, अशी ही पायऱ्यापायऱ्यांची रचना आहे.

या रचनेत आणखी एक शहाणपण आहे. आपल्या कामाची तपासणी आपणच केली, तर दोष झाकले जाण्याची भीती असते. म्हणून लोहमार्ग सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणारे निरीक्षक १९४१ सालीच रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढून दुसऱ्या खात्याकडे सोपविण्यात आले होते.

शास्त्रीजी स्वतः गरिबीत वाढलेले. त्यामुळे तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीवाटीने बसणाऱ्या उतारूंचे हाल त्यांना ठाऊक होते. या डब्यांत पंखे बसविण्याच्या कामास त्यांनी चालना दिली. मद्रासजवळ पेरांबूर येथे डबे बांधण्याचा मोठा कारखानाही त्यांच्याच कारकिर्दीत, २ ऑक्टोबर १९५५ रोजी, सुरू झाला.

परंतु १९५६ साल त्यांची कसोटी पाहणारे ठरले. सप्टेंबर महिन्यात महबूबनगरजवळ पूल कोसळून आगगाडीला भीषण अपघात झाला व शंभराहून अधिक माणसे दगावली. शास्त्रीजींनी तत्काळ राजीनामा दिला. पण पंतप्रधान पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. तीन महिनेही लोटले नाहीत, तोच २३ नोव्हेंबरला दक्षिणेत अरियलूरजवळ तसाच प्रसंग ओढवला. पावसाने नदीला पूर आला होता. मद्रासहून तुतिकोरीनला निघालेली गाडी पहाटेच्या अंधारात पुलावर आली. पूल ढासळला आणि इंजिनासह अनेक डबे पाण्यात गेले. याही वेळी शंभराहून अधिक उतारू प्राणांस मुकले.

शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला, आणि या वेळी तो स्वीकारला जावा असा आग्रह धरला. दिल्लीत बसलेल्या मंत्र्याला दूरच्या एका नदीवरील पुलाची अवस्था कशी कळणार? त्याने पद का सोडावे? असे अनेकांना वाटले. राजीनामा स्वीकारू नये, अशी विनंती काही संसद-सदस्यांनीही केली. हा प्रश्न वाजवी होता. पण शास्त्रीजींची दृष्टी निराळी होती. अधिकार ज्या पायऱ्यांनी खाली उतरतो, त्याच पायऱ्यांनी जबाबदारी वर चढते. यशाचा मान वरच्याने घ्यावा आणि अपयशाचा दोष मात्र रुळावरच्या गँगमनच्या माथी मारावा, हे त्यांना मानवणारे नव्हते.

अखेर नेहरूंनी राजीनामा स्वीकारला. अपघातात शास्त्रीजींचा काही दोष आहे म्हणून नव्हे, तर लोकशाहीत एक चांगला पायंडा पडावा म्हणून आपण तो स्वीकारीत आहोत, असा खुलासा त्यांनी संसदेत केला. डिसेंबर १९५६ मध्ये शास्त्रीजी मंत्रिपदावरून दूर झाले. गेलेले जीव त्यामुळे परत येणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते. परंतु त्या जिवांबद्दल जाब देणारा कोणीतरी आहे, एवढे तरी देशाला दिसले.

पद गेले, पण लोकांचा विश्वास दुणावला. पुढे त्यांनी अनेक खाती सांभाळली आणि जून १९६४ मध्ये ते भारताचे पंतप्रधान झाले. पाकिस्तानशी तहाचा करार केल्यानंतर काही तासांतच, ११ जानेवारी १९६६ रोजी, ताश्कंद येथे त्यांचे देहावसान झाले.

आजही रात्रीच्या अंधारात आगगाड्या नद्यांवरचे पूल ओलांडीत धावत असतात. डब्यातला उतारू निश्चिंत झोपी जातो. गँगमनपासून मंत्र्यापर्यंत प्रत्येक पायरीवर कोणीतरी त्याच्यासाठी जागे असेल, या भरवशावर त्याने डोळे मिटलेले असतात. तो भरवसा किती मोलाचा आहे, हे लालबहादूर शास्त्री यांनी आपले मंत्रिपद सोडून दाखवून दिले.