मूछाळी मा

वढवाणला वकिली करणारे गिरिजाशंकर बधेका, अर्थात गिजुभाई, तिशी ओलांडल्यावर शिक्षक झाले. निमित्त घरातलेच होते. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. छडी व घोकंपट्टीच्या शाळेत त्याला धाडण्यास मन धजेना. या शोधातच माँटेसोरींचे विचार त्यांच्या वाचनात आले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. आधी मोठ्या मुलांना शिकविले, पण ओढा चिमुकल्यांकडे होता. १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. तेथे शिक्षा नव्हती, तसेच बक्षीसही नव्हते. यातली दुसरी गोष्ट अधिक अवघड, हे पालकच जाणोत! गोष्टी, गाणी, नाटके यांत रमणाऱ्या या मिशाळ गुरुजींना 'मूछाळी मा' हे नाव पडले.

राजकोटचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये उभयतांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. 'दिवास्वप्न' या पुस्तकात गिजुभाईंनी चौथीच्या वर्गावर प्रयोग करणारा शिक्षक रंगविला. २३ जून १९३९ रोजी, ५३व्या वर्षी ते निवर्तले. पुढे ताराबाईंनी हेच बालशिक्षण बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेले.