गणेश दैवज्ञ

गणेश दैवज्ञ (जन्म : सुमारे इ.स. १५०७) हे सोळाव्या शतकातील कोकणातील ज्योतिर्विद आणि गणिती होते. आजच्या रायगड जिल्ह्यातील नांदगाव हे त्यांचे गाव. शके १४४२ (इ.स. १५२०) हे आरंभवर्ष धरून त्यांनी रचलेला ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ साडेतीन शतके महाराष्ट्रातील व आसपासच्या प्रांतांतील पंचांगांचा मुख्य आधार होता. ग्रहांची कमीजास्त होणारी गती ज्या-चापांच्या, म्हणजे त्रिकोणमितीच्या, मदतीवाचून केवळ गुणाकार-भागाकाराने मांडणे हे या ग्रंथाचे वैशिष्ट्य होय. त्यांच्या नावातील ‘दैवज्ञ’ हा शब्द ज्योतिषी या अर्थाचा आहे.

जन्म आणि घराणे

नांदगाव हे समुद्रकाठचे गाव मुरूड तालुक्यात, काशीद आणि मुरूड यांच्या दरम्यान आहे. या तालुक्याच्या पूर्वेस रोहा तालुका लागतो. जुन्या ग्रंथांत गावाचा उल्लेख ‘नंदिग्राम’ असा येतो. गणेशांच्या वडिलांचे नाव केशव व आईचे नाव लक्ष्मी. गोत्र कौशिक. वडील स्वतः नामांकित ज्योतिषी होते. ‘ग्रहकौतुक’, ‘मुहूर्ततत्त्व’ आणि ‘जातकपद्धती’ हे त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. गणेशांचे शिक्षण वडिलांजवळच झाले.

गणेशांच्या जन्माविषयी एक दंतकथा आहे. केशवांनी वर्तविलेले ग्रहण चुकले आणि राजदरबारी त्यांचा उपहास झाला. खिन्न होऊन त्यांनी नांदगावच्या गणपतीची उपासना केली व त्या प्रसादाने त्यांना पुत्र झाला, असे सांगतात. ही कथा इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. मात्र गणित आणि आकाश यांचा मेळ बसत नाही, हे केशवांच्या आयुष्यातील खरे शल्य तिच्यात उतरले आहे.

वडिलांचा वारसा

त्या काळी पंचांगगणिताचे तीन पक्ष प्रचलित होते : सूर्यसिद्धांतावर आधारलेला सौरपक्ष, आर्यभटांच्या परंपरेतील आर्यपक्ष आणि ब्रह्मगुप्त-भास्कराचार्यांच्या परंपरेतील ब्राह्मपक्ष. ग्रहांच्या मध्यम गतीत अत्यंत सूक्ष्म चूक असली तरी शतकानुशतके ती साचत जाते आणि ग्रह गणिताने येतो त्या ठिकाणी आकाशात दिसत नाही. केशवांनी ग्रहांचे वेध घेतले, म्हणजे त्यांच्या स्थानांचे प्रत्यक्ष निरीक्षण केले. कोणताही एक पक्ष सर्व ग्रहांना लागू पडत नाही, असे त्यांना आढळले. ‘ग्रहकौतुक’ (शके १४१८) या ग्रंथात त्यांनी सुधारणेचा प्रयत्न केला. तो पूर्णत्वास नेण्याचे काम मुलाकडे आले.

ग्रहलाघव

आरंभवर्ष अलीकडचे घेऊन व्यवहारापुरते गणित सुलभ करून देणाऱ्या ग्रंथास करणग्रंथ म्हणतात. ‘ग्रहलाघव’ हा या प्रकारातील सर्वाधिक लोकप्रिय ग्रंथ होय. ‘सिद्धांतरहस्य’ असेही त्याचे नाव आहे. मध्यम व स्पष्ट ग्रह, चंद्र-सूर्यग्रहणे, ग्रहांचे उदयास्त, छाया, चंद्राची शृंगोन्नती, ग्रहयुती इत्यादी विषय त्यात आले आहेत.

पक्षनिवडीच्या प्रश्नावर गणेशांनी केलेला निर्णय धाडसाचा होता. परंपरेने आलेला एकच पक्ष त्यांनी धरून ठेवला नाही. जो ग्रह ज्या पक्षाने आकाशात जुळतो, तो त्या पक्षाचा घेतला. सूर्य आणि चंद्राचे उच्च सौरपक्षाचे घेतले. चंद्रही सौरपक्षाचाच घेतला, पण त्यातून ९ कला वजा केल्या. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे घेतले. शनी आर्यपक्षाचा घेऊन त्यात ५ अंश मिळविले. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे घेतले, तर शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य या दोन पक्षांच्या मध्यावर ठरविले. या मिश्रणामागे दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना येणारी प्रचिती, हीच कसोटी होती.

दुसरी सुधारणा दिवसांच्या मोजणीत होती. एखाद्या आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत लोटलेल्या दिवसांच्या संख्येस अहर्गण म्हणतात. कलियुगारंभापासून मोजल्यास गणेशांच्या काळी ही संख्या सुमारे १६ लाख ८८ हजारांवर गेली होती. एवढ्या मोठ्या अंकांचे गुणाकार हाताने करताना चुका होणे साहजिक होते. गणेशांनी ११ वर्षांचे एक चक्र कल्पिले. अकरा वर्षांत चार अधिकमास धरून १३६ चांद्रमास होतात व त्यांचे दिवस ४०१६ भरतात. त्यामुळे अहर्गण कधीच ४०१६ च्या पुढे जात नाही. पूर्ण झालेल्या चक्रांतील ग्रहगतीचा हिशेब ठेवण्यासाठी प्रत्येक ग्रहाचा ‘ध्रुवक’ व आरंभीच्या स्थानासाठी ‘क्षेपक’ असे तयार अंक त्यांनी दिले.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची सुधारणा असमान गतीच्या गणिताची होती. सूर्य-चंद्र आकाशात सारख्या वेगाने चालत नाहीत. मध्यम स्थान व प्रत्यक्ष स्थान यांतील फरक, म्हणजे ‘मंदफल’, काढण्यास पूर्वी ज्यांची कोष्टके लागत. गणेशांनी त्याऐवजी बैजिक रीत दिली. सूर्यासाठी ती अशी : केंद्राच्या भुजांशांस ९ ने भागावे. आलेली संख्या २० मधून वजा करून बाकीस त्याच संख्येने गुणावे. या गुणाकाराचा नववा भाग ५७ मधून वजा करावा व उरलेल्या संख्येने मूळ गुणाकारास भागावे. म्हणजे मंदफल अंशांत मिळते. भुजांश ९० असता भागाकार १०, गुणाकार १०० आणि मंदफल सुमारे २ अंश ११ कला येते. भुजांश ३० असता सुमारे १ अंश ५ कला ३५ विकला येते. परमफलास भुजज्येने गुणून येणाऱ्या फलाशी ताडून पाहता येथे फरक अवघा १२ विकलांच्या आसपास पडतो. साध्या डोळ्यांनी घेतलेल्या वेधात तो कळणेही शक्य नाही. मंगळादी पाच ग्रहांची गती अधिक गुंतागुंतीची असल्याने त्यांच्यासाठी १५-१५ अंशांच्या अंतराने तयार अंक देऊन मधली फले प्रमाणाने काढण्याची सोय केली आहे.

अन्य ग्रंथ

‘तिथिचिंतामणी’ या ग्रंथाच्या लघु (शके १४४७) व बृहत् (शके १४७४) अशा दोन आवृत्त्या आहेत. त्यातील कोष्टकांवरून तिथी, नक्षत्र व योग अल्प श्रमात निघतात. पंचांगकर्त्यांना रोज लागणारा ग्रंथ हाच होता.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका (शके १४६७, इ.स. १५४५) गणिती म्हणून गणेशांची योग्यता दाखविते. मूळ ग्रंथात नियम आहेत. गणेशांनी त्यांच्या उपपत्ती दिल्या. वर्तुळाच्या पाकळ्या कापून दोन अर्ध एकमेकांत बसविले असता आयत तयार होतो व त्याच्या बाजू अर्धपरिघ व त्रिज्या एवढ्या असतात. या रीतीने त्यांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा नियम समजावला. वर्तुळात १२ पासून दुप्पट करीत ३८४ भुजांपर्यंतच्या आकृती कल्पून परिघ व व्यास यांच्या ३९२७ : १२५० या गुणोत्तराचा उलगडाही त्यांनी केला. १८१७ साली ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करताना कोलब्रुक यांनी या टीकेचा उपयोग केला. ‘विवाहवृंदावन’ या ग्रंथावरील त्यांची टीका शके १४७६ (इ.स. १५५४) मधील आहे. वेधासाठी लागणाऱ्या यंत्रांवरही त्यांनी लिहिले.

प्रभाव आणि मर्यादा

‘ग्रहलाघवा’वर मल्लारी, विश्वनाथ आदींनी टीका लिहिल्या. महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकाच्या बऱ्याच भागात त्यावरून पंचांगे होऊ लागली. गावोगावच्या जोशांना हे गणित पाटीवर करता येई, हे या यशाचे मुख्य कारण होय.

या सुलभतेचा एक दुष्परिणामही झाला. तयार रीत हाती आल्याने मूळ सिद्धांतांचे अध्ययन व वेध घेण्याची परंपरा मागे पडली. ज्या ग्रंथाचा जन्म आकाशनिरीक्षणातून झाला, तोच पुढे न पाहता गणित करण्याचे साधन ठरला. दरम्यान चूक साचतच होती. अयनांशांचेच उदाहरण घेता येईल. ‘ग्रहलाघवा’त शके ४४४ हे शून्य अयनांशाचे वर्ष असून वार्षिक गती १ कला धरली आहे, त्यानुसार शके १४४२ मध्ये अयनांश १६ अंश ३८ कला होतात. प्रत्यक्ष गती वर्षाला सुमारे ५० विकला असल्याने दर ३६० वर्षांत जवळजवळ एका अंशाची चूक पडते.

एकोणिसाव्या शतकात ती उघड झाली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ (१८६०) हा ग्रंथ लिहिला, आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचे ‘पटवर्धनी पंचांग’ निघू लागले. ‘ग्रहलाघवा’ची जागा घेणारे गणित अशा रीतीने त्याच किनाऱ्यावरील गणित्याच्या हातून घडले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात गणेशांच्या कार्याचे सविस्तर परीक्षण केले आहे. कालांतराने गणितात फरक पडतोच व तो वेधाने वारंवार दुरुस्त करावा लागतो, हे केशव व गणेश या पितापुत्रांनी स्वतःच्या कृतीने दाखविले होते. त्या दृष्टीने ‘ग्रहलाघव’ मागे पडणे हेही त्यांच्याच पद्धतीला धरून झाले.