न बसणारा माणूस

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या अण्णांची कंबर गेली. जालन्याच्या मोंढ्यात त्यांनी पंचवीस वर्षे पोती वाहिली होती, तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. एका दवाखान्यात पडून राहायला सांगितले, शेजाऱ्यांनी पट्टा बांधायला सांगितले आणि नात्यातल्या एका शहाण्या गृहस्थांनी दुखणे मनातून काढून टाकायला सांगितले. अण्णा दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुखणे होते तिथेच राहिले, पायांतली ताकद मात्र गेली.

त्याच दिवसांत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका पुस्तकात बाबा आमट्यांचे छायाचित्र माझ्या पाहण्यात आले. अंगात पांढरी बंडी, खाली अर्धी चड्डी. भोवतीची सारी मंडळी बसलेली आणि बाबा तेवढे खाटेवर आडवे. आजारपणातले छायाचित्र असेल असे मला वाटले. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की हा माणूस आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे बसूच शकत नव्हता. उभे राहता येई, चालता येई, आडवे होता येई. बसणे तेवढे नाही. शाळेत आम्हाला बाबा म्हणजे कुष्ठरोग्यांची सेवा एवढेच शिकवले होते. त्यांच्या पाठीचे कोणी सांगितले नव्हते.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घर जमीनदाराचे. मोटारीचा नाद, इंग्रजी चित्रपटांचे वेड, त्यावर नियतकालिकांत परीक्षणे लिहिण्याची हौस! वकिलीची परीक्षा देऊन ते वरोऱ्याला वकिली करू लागले. आमच्यासारख्यांना हेवा वाटावा असे हे तारुण्य. पण गांधीजींच्या विचारांचा प्रभाव पडत गेला आणि मन वकिलीत रमेना. रेल्वेत गोऱ्या सैनिकांच्या तावडीतून स्त्रीची अब्रू वाचवली म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' हे नाव दिले. १९४६ साली त्यांचा विवाह नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी झाला. याच पुढे साधनाताई.

वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबांनी मैला वाहण्याचे काम स्वतः केले. पुस्तकात वाचताना हे सोपे वाटते, पण डोक्यावर ओझे घेणे म्हणजे काय ते ज्याच्या घरात ओझे आहे त्यालाच कळते. अशाच एका पावसाळी दिवशी त्यांना वाटेत तुळशीराम दिसला. महारोगाने हातापायांची बोटे गेलेली, जखमांत किडे पडलेले. अभयसाधक घाबरला आणि तिथून पळाला. मला बाबांच्या चरित्रातला हा प्रसंग सर्वांत खरा वाटतो, कारण ते पळाले हे त्यांनी कधी लपवले नाही. मग ते परत गेले, त्याच्यावर आडोसा उभा केला आणि त्याच्या मरणापर्यंत त्याची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेतले.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या सुमारे पन्नास एकर खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले. तेव्हा सोबत कोण होते? पत्नी, दोन तान्ही मुले, सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय. खिशात चौदा रुपये. विहीर खणायची तर खडक फोडणारे हात बोटे झडलेल्या रुग्णांचे आणि एका वकिलाचे. पुढे तिथे शेती पिकली, माग चालू लागले, अंध मुलांची शाळा झाली, महाविद्यालयही झाले.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कुष्ठरोगाने बोटे झडतात असे आपण म्हणतो, पण तो जंतू बोटे खात नाही. तो मज्जातंतूंना धरतो, आणि मग त्या भागाला दुखणेच कळेनासे होते. चुलीवरचे तापलेले भांडे हातात धरले तरी चटका लागत नाही. पायात काटा मोडला तरी माणूस तसाच चालत राहतो, जखम चिघळते, हाड सडते. वेल्लोरच्या रुग्णालयात काम केलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हे जगापुढे ठासून मांडले. अशा रुग्णांना आपले हातपाय रोज डोळ्यांनी तपासायला शिकवावे लागते, कारण वेदना हा शरीराचा जो राखणदार, तोच नाहीसा झालेला असतो. १९८२ नंतर बहुविध औषधोपचार आल्याने आज हा रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना सहसा परत येत नाही.

आणि अशा माणसांत बाबा राहत होते, ज्यांचा राखणदार रात्रंदिवस ओरडत होता! मानेचे आणि कमरेचे मणके झिजले होते. शस्त्रक्रिया झाल्या, पट्टे झाले, दुखणे गेले नाही. ज्यांना वेदना नाही त्यांनी सावधपणे जगायचे, आणि ज्याला वेदनेखेरीज काही जाणवू नये अशी अवस्था आहे त्याने काम करायचे, असा उलटा संसार तिथे चालला होता. बाबांनी वेदनेवर मात केली असे लेखांतून नेहमी लिहितात. मला ते पटत नाही. त्यांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. बसू नकोस म्हणाली, बसणे सोडले. बाकीचे काही सोडले नाही. चर्चा आडवे पडून, भाषण उभे राहून आणि रोजचे फिरणे पायांनी, अशी त्यांनी दिवसाची वाटणी केली होती.

याचा सर्वांत मोठा प्रत्यय 'भारत जोडो' यात्रेत येतो. २४ डिसेंबर १९८५ रोजी बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. दोन दिवसांनी त्यांना एकाहत्तरावे वर्ष पुरे होणार होते. बरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर, आणि बाबा गाडीत बसवलेल्या बिछान्यावर आडवे. त्या काळचे रस्ते आणि झिजलेला कणा! गाव आले की उतरायचे, उभे राहून लोकांशी बोलायचे, परत आडवे व्हायचे. १९८८ मध्ये पुन्हा अरुणाचलपासून गुजरातपर्यंत तशीच दुसरी यात्रा. आणि १९९० साली पंच्याहत्तरीत आनंदवन सोडून ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. धरणाने उठणाऱ्या लोकांच्या बाजूने ते तिथे सुमारे दहा वर्षे राहिले. याच प्रश्नावर त्यांनी १९९१ मध्ये पद्मश्री आणि पद्मविभूषण परत केले. आडव्या माणसाला हलवणे सरकारला जड गेले, असे म्हटले तर चुकणार नाही.

मात्र एक सांगायला हवे. बाबांचे उदाहरण देऊन दुखणाऱ्या माणसाला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात, त्यांचा मला राग येतो. बाबांपाशी साधनाताई होत्या. वेळेला उठवणारे, सावरणारे, गाडी हाकणारे हात होते. त्यांतले कित्येक हात, कोणी हात लावू नये असे समाजाने ठरवलेले. मनाचे बळ खरेच, पण ते हवेत उभे राहत नाही. एवढे मात्र आज डॉक्टरही सांगतात, की जुनाट पाठदुखीत अंथरूण धरून राहणे बहुधा बाधते. झेपेल तेवढे, दुखत असले तरी, हलत राहावे.

अखेरीस २००७ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे कळले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता देह त्याच मातीत ठेवला. २०११ साली साधनाताईही गेल्या.

हे सारे मी एका रात्री अण्णांना सांगितले. पोती वाहणाऱ्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, की ती गाडी कोणाची होती आणि तेल कोण भरत होते. मला हसू आले आणि वाईटही वाटले. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून बरोबर चल म्हणाले. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, महिन्याभराने मोंढ्याच्या फाटकापर्यंत. आता ते मापाड्याच्या हाताखाली पोत्यांची मोजदाद करायला उभे राहतात. रोज निम्माच मिळतो. दुपारी घरी आले की लिंबाखाली बाजेवर आडवे होतात आणि दुखते का म्हणून विचारले तर दुखते म्हणतात.