सर्पगंधेचे मोजमाप करणारे डॉ. रुस्तम वकील

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दुपारी त्यांचा रक्तदाब ३००/१९० असा नोंदला गेला. तो वाढलेला आहे, हे त्यांच्या डॉक्टरांना वर्षभर आधीच कळले होते. पण एवढ्या बलाढ्य देशाच्या अध्यक्षाला द्यायलाही रक्तदाबाची भरवशाची गोळी जगात नव्हती. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेचे औषध घ्या. फार झाले तर नुसत्या भातावर आणि फळांवर राहा, नाहीतर पाठीतल्या चेता शस्त्रक्रियेने कापून घ्या, एवढेच उपाय होते. वाढलेला रक्तदाब ही शरीराची गरजच आहे, तो उतरवू नये, असे मानणारे नामवंत डॉक्टरही होते.

त्याच वर्षांत मुंबईत एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ आपल्या रुग्णांना एका देशी झुडपाच्या मुळापासून केलेल्या गोळ्या देत होता आणि प्रत्येक वेळी दंडाला पट्टा बांधून आकडा लिहून ठेवत होता. त्याचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईतल्या पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले. तिथेच राहून नाव कमावणे त्यांना अवघड नव्हते, पण ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. हृदयविकार ही स्वतंत्र शाखा म्हणून आपल्याकडे नुकती कुठे आकार घेत होती. गिरणगावातले कामगार, कारकून, व्यापारी असे नाना थरांतले रुग्ण त्यांच्यासमोर येत. त्यांतल्या अनेकांचा रक्तदाब वाढलेला असे, आणि लंडनमध्ये शिकलेल्या विद्येत त्यावर फारसे काही नव्हते.

ते झुडूप म्हणजे सर्पगंधा. आपल्या माणदेशाच्या कोरड्या माळावर ते दिसणार नाही. त्याला कोकण-सह्याद्रीसारखी ओलसर, सावलीची जंगले लागतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याचा उल्लेख आहे. साप चावला, झोप लागेना, डोके फिरले, की त्याचे मूळ देण्याची रीत देशभर होती. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर हे मूळ उपयोगी असल्याचे लिहिले. पुढे सर रामनाथ चोप्रा यांनी कोलकात्यातच त्याचा औषधशास्त्रीय अभ्यास केला. म्हणजे सर्पगंधेचा शोध वकील यांनी लावला नाही आणि तसा दावाही त्यांचा नव्हता. त्यांचे काम वेगळे होते. कर्णोपकर्णी चालत आलेला गुण त्यांनी मोजून दाखवला.

हे मोजणे वाटते तितके सोपे नसते. दवाखान्यात आल्यावर भीतीनेच रक्तदाब वाढतो आणि चार दिवसांनी आपोआप थोडा उतरतो. त्या उताराचे श्रेय औषधाला दिले की फसगत ठरलेली. म्हणून वकील यांनी आधी काही काळ नुसतेच मोजमाप केले. तरीही ज्यांचा रक्तदाब चढाच राहिला, असे ५० रुग्ण निवडले. मग मुळाच्या गोळ्या सुरू केल्या, आठवड्यामागून आठवडे नोंदी ठेवल्या आणि गोळ्या बंद केल्यावरही मोजणे थांबवले नाही. दहापैकी आठांहून अधिक रुग्णांत रक्तदाब उतरला. तो एकदम कोसळत नव्हता, हळूहळू खाली येत होता. आणि औषध थांबवल्यावरही परिणाम काही दिवस टिकत होता. १९४९ साली हा अहवाल ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. आजच्या कसोटीवर हा प्रयोग लहान ठरेल. पण पाश्चात्त्य डॉक्टरांना विश्वास ठेवता येईल अशा भाषेत, म्हणजे आकड्यांत, तो लिहिलेला होता.

बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला आणि मुळे मागवून आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळातून मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रेसर्पिन. मुळाची मागणी पुढे इतकी वाढली, की जंगलेच ओरबाडली जाऊ लागली. आज सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

१९५७ साली वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल त्याचा मान मानतात. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. केवळ सर्पगंधेवर ते थांबले नव्हते. हृदयविकाराचा झटका येण्याआधी काही दिवस छातीत जे इशाऱ्याचे दुखणे सुरू होते, त्यावर त्यांनी साठच्या दशकात महत्त्वाचे काम केले. डॉ. गोलवाला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले, रुग्णाला तपासावे कसे हे शिकवणारे पुस्तक आमच्या पिढीच्या डॉक्टरांच्या परिचयाचे आहे.

पण सर्पगंधा रक्तदाब उतरवते कशी, याचे उत्तर १९४९ मध्ये कोणाकडेच नव्हते. ते पुढच्या दहा वर्षांत मिळाले आणि त्यातून मेंदूच्या औषधांचे नवे दालन उघडले.

आपल्याकडच्या डाळिंबाच्या हंगामाचे उदाहरण घेऊ. फळ उतरते, शेडमध्ये येते, क्रेटमध्ये भरले जाते आणि गाडी आली की क्रेट बाहेर पडतात. क्रेटमध्ये न भरलेले, उघड्यावर पडलेले फळ सडते आणि उचलून फेकावे लागते. चेतापेशीतही असेच चालते. अन्नातल्या टायरोसिनपासून आधी डोपा तयार होते, डोपापासून डोपामिन, आणि काही पेशींत डोपामिनपासून नॉरएपिनेफ्रिन, ज्याला नॉरॲड्रेनालिनही म्हणतात. प्रत्येक पायरी एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, पार पाडते. तयार माल सूक्ष्म पिशव्यांत भरला जातो आणि संदेश आला की बाहेर सोडला जातो. उघड्यावर राहिलेला माल नष्ट करण्याचे काम मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराचे. त्याला ‘माओ’ म्हणू. नॉरएपिनेफ्रिन रक्तवाहिन्या आवळते आणि रक्तदाब वाढवते. डोपामिन मेंदूत हालचाल, उत्साह आणि इच्छा सांभाळते.

रेसर्पिन पिशव्या भरणारा पंपच बंद करते. डोपामिन पिशवीबाहेर राहते आणि माओ ते संपवून टाकते. नॉरएपिनेफ्रिन पिशवीच्या आतच तयार होते, त्यामुळे तेही घटते. संदेश येतो, पण सोडायला माल नसतो. रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. पिशव्या पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून औषध थांबवल्यावरही परिणाम टिकतो. वकील यांनी पट्टा बांधून जे पाहिले होते, त्याचा अर्थ असा लागला.

मात्र हे फक्त रक्तवाहिन्यांत घडत नाही, मेंदूतही घडते. मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणारे काही रुग्ण सुस्त, उदास झाले. काहींच्या हालचाली कंपवाताच्या रुग्णासारख्या मंदावल्या. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले तेव्हा ते जागेवरून हलेनासे झाले. मग त्यांना डोपा टोचले आणि थोड्याच वेळात ससे हिंडूफिरू लागले. मेंदूला डोपामिन लागते आणि कंपवातात तेच कमी पडत असावे, या विचाराची सुरुवात तिथून झाली. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले. रेसर्पिनच्या दुष्परिणामानेच कंपवाताच्या उपचाराची वाट दाखवली.

दुसरी वाट माओला अडवण्याची. आयप्रोनियाझिड हे मुळात क्षयाचे औषध. ते घेणारे रुग्ण अंथरुणावरही उल्हसित दिसू लागले. हे औषध माओ विकर रोखते, हे १९५२ मध्ये कळले. फेकणाराच थांबला, की डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन साठून राहतात. प्राण्यांना आधी आयप्रोनियाझिड देऊन मग रेसर्पिन दिले, तर ते सुस्त होण्याऐवजी चळवळे होत. न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांना १९५७ मध्ये वकील यांच्याबरोबरच लास्कर मिळाला होता, तो मनोविकारांत रेसर्पिन वापरल्याबद्दल. १९६४ मध्ये त्यांना पुन्हा लास्कर मिळाला, तो माओरोधकांनी नैराश्य हटवण्याच्या कामाबद्दल. आयप्रोनियाझिड पुढे यकृताला इजा करते म्हणून मागे पडले, पण तत्त्व टिकले.

आज सरकारी दवाखान्यातही ही विकर रोखणारी औषधे रोज लिहिली जातात. कंपवाताच्या गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असते. कार्बिडोपा मेंदूत शिरत नाही. ते मेंदूबाहेर डोपाचे डोपामिन होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ कमी होते आणि डोपा मेंदूपर्यंत पोहोचते. सेलेजिलिन आणि रासाजिलिन मेंदूतल्या माओला रोखतात. गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी दिले जाणारे मिथिलडोपा आधी याच मालिकेतले एक विकर रोखणारे म्हणून तपासले गेले. ते प्रत्यक्षात वेगळ्या मार्गाने रक्तदाब उतरवते, हे नंतर कळले. दारू सोडवण्याचे डायसल्फिराम तर दोन विकरे रोखते. एकामुळे दारू पोटात गेली की त्रास होतो. दुसरे डोपामिनपासून नॉरएपिनेफ्रिन करणारे. ते अडले की डोपामिन वाढते, नॉरएपिनेफ्रिन घटते आणि एखाद्या रुग्णाला भ्रमही होऊ शकतो. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नकळत ही पूड भाजीत मिसळणारी घरे आहेत. त्यामागची तगमग समजते, पण त्याने त्यावर दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगूनच द्यायचे असते.

वकील यांच्या मुळाचे खरे मोल किती, हे १९६७ साली अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवले. रक्तदाब फारच वाढलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना रेसर्पिनसह तीन औषधे दिली, उरलेल्यांना औषध नसलेल्या गोळ्या. गंभीर घटना औषध न मिळालेल्यांत २७ झाल्या, औषध मिळालेल्यांत फक्त २. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, हे इतक्या ठळकपणे प्रथमच दिसले. आज रेसर्पिन मागे पडले आहे, कारण त्याहून सोसणारी औषधे आली. १९७४ मध्ये त्याचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याची शंका पुढे आली. नंतरच्या अभ्यासांत तिला भक्कम आधार मिळाला नाही. त्याच वर्षी डॉ. वकील यांचे निधन झाले. पिशव्या भरणारा तोच पंप अडवणारी टेट्राबेनाझिनसारखी औषधे मात्र हात-पाय, तोंड आपोआप हलण्याच्या विकारांत आजही वापरात आहेत.

आठवडी बाजारात मुळ्या-पाल्याची पाटी मांडून बसलेल्याकडून बीपीची किंवा झोपेची पूड घेणारे लोक आजही आहेत. झाडपाल्याने अपाय होत नाही, असे त्यांना मनापासून वाटते. सर्पगंधेची कहाणी नेमके उलटे सांगते. मुळात दम होता म्हणूनच गुण आला, आणि त्याच दमामुळे अपायही झाला. पुडीत किती मूळ आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. कंपवाताचा रुग्ण सर्पगंधेची पूड घेत असेल, तर त्याची गोळी जे भरते तेच ती पूड रिकामे करते. नैराश्याच्या रुग्णाला ती आणखी खाली ओढू शकते. माओरोधक घेणाऱ्याने सर्दी-खोकल्याचे साधे औषधही विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तदाब धोकादायक चढू शकतो.

म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातली प्रत्येक गोळी, प्रत्येक पुडी पिशवीत घालून न्या. लपवू नका, कोणी रागावले तरी दाखवा. रक्तदाबाची किंवा कंपवाताची गोळी बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. आणि बीपी मोजले की आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. डॉ. वकील यांनी ५० रुग्णांसाठी जे केले, ते आपल्या घरातल्या एका माणसासाठी करायला वही, पेन आणि दोन मिनिटे पुरतात.