क्लोद बेर्नार

फ्रान्स देशातील सँ-झ्युलियाँ या लहानशा खेड्यात १२ जुलै १८१३ रोजी क्लोद बेर्नार यांचा जन्म झाला. त्यांचे वडील द्राक्षांची लागवड करीत. घरची स्थिती बेताचीच. त्यामुळे तरुण वयातच बेर्नार एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. औषधे कुटता कुटता त्यांनी एक नाटिका लिहिली. मग नाटककार होण्याच्या उमेदीने नवे नाटक घेऊन ते १८३४ साली पॅरिसला गेले. तेथील एका नामांकित टीकाकाराने ते वाचून त्यांना वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. बेर्नार यांची निराशा झाली. पण तो सल्ला त्यांनी मानला.

परीक्षांत ते विशेष चमकले नाहीत. परंतु माझांदी या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हातांचे कसब प्रकट झाले. साखर फक्त वनस्पतीच तयार करतात, असे त्या काळी मानीत. बेर्नार यांनी एका कुत्र्याला केवळ मांस खाऊ घातले; तरीही यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडली! पुढे त्यांनी एक यकृत पाण्याच्या धारेने साखर निघून जाईपर्यंत धुतले. दुसऱ्या दिवशी पाहतात, तो त्यात पुन्हा साखर! यकृत साखरेचा साठा करते व गरजेप्रमाणे ती रक्तात सोडते, हे सिद्ध झाले. हा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, त्यांनी १८५७ साली वेगळा काढला.

यातूनच त्यांना एक थोर विचार सुचला. बाहेर ऊन असो वा थंडी, पोट भरलेले असो वा रिकामे, शरीरातील पेशींभोवतीचे रक्त व इतर द्रव फारसे पालटत नाहीत. हा आतला परिसर स्थिर राहतो, म्हणूनच प्राणी बाहेरच्या जगात मोकळेपणाने वावरू शकतो. पुढे १९२६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी या समतोलाला 'होमिओस्टॅसिस' असे नाव दिले.

या ज्ञानाचे मोल मोठे होते. प्रयोगांत मुक्या प्राण्यांना यातना होत. बेर्नार यांच्या पत्नीला ते असह्य झाले. अखेर त्या व दोन्ही मुली त्यांच्यापासून दुरावल्या. त्यांची प्रकृतीही ढासळली. तरी आजारपणातील विश्रांतीच्या काळात त्यांनी प्रायोगिक वैद्यकावरील आपला विख्यात ग्रंथ लिहिला. तो १८६५ साली प्रसिद्ध झाला.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. राष्ट्राने शासकीय इतमामाने त्यांना अखेरचा निरोप दिला. आज कोणी रक्तातील साखर तपासून घेतो, तेव्हा द्राक्षमळ्यातील त्या मुलाने दाखविलेल्या वाटेनेच तो चालत असतो.