हिमालयापलीकडचे मंदिर : फादर आंतोनियो द आंद्रादे (१५८०–१६३४)

बद्रीनाथच्याही पुढे, माणा गावाच्या वर एक खिंड आहे. तिची उंची सुमारे ५,६०० मीटर. खिंड ओलांडली की झाडे संपतात, पाऊस जवळजवळ संपतो आणि सुरू होते ते उंचावरचे थंड वाळवंट. सतलज नदीने कोरलेल्या मातीच्या कड्यांमध्ये तिथे गुगे नावाचे तिबेटी राज्य होते. त्सापरांग ही त्याची राजधानी. आज हा प्रदेश चीनच्या ताब्यातील तिबेटात आहे आणि तिथे राजवाड्याचे व मठांचे अवशेष तेवढे उरले आहेत. याच त्सापरांगमध्ये इ. स. १६२६ साली एका ख्रिस्तमंदिराची पायाभरणी झाली होती, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. ते मंदिर उभारणाऱ्या धर्मगुरूंची ही ओळख.

फादर आंतोनियो द आंद्रादे यांचा जन्म १५८० साली पोर्तुगालमधील ओलैरोस या गावी झाला. १५९६ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि १६०० साली, अवघ्या विसाव्या वर्षी, गोव्याला आले. पुढचे शिक्षण त्यांनी इथेच घेतले. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स त्याच काळात साष्टीत काम करीत होते. १६१६ साली ते पुराण छापून झाले, तेव्हा आंद्रादेही गोव्याच्या मिशनमध्येच होते. पुढे त्यांची नेमणूक आग्र्याला झाली. तेव्हा जहांगीर बादशहाचे राज्य होते आणि मोगल दरबारातील येशूसंघीय मिशनचे प्रमुखपद फादर आंद्रादे यांच्याकडे आले.

त्या काळी युरोपात आणि गोव्यातही एक समजूत पक्की होती, ती अशी की हिमालयापलीकडे कुठेतरी जुने, विस्मृतीत गेलेले ख्रिस्ती लोक राहतात. व्यापारी आणि यात्रेकरू सांगत की तिथे पुजारी आहेत, देवळे आहेत, समूहाने प्रार्थना होतात. हे वर्णन ऐकून अनेकांना वाटे, हे आपलेच हरवलेले भाऊ असावेत. फादर आंद्रादे यांनी स्वतः जाऊन पाहायचे ठरवले.

३० मार्च १६२४ रोजी ते आग्र्याहून निघाले. सोबत बंधू मानुएल मार्केस आणि दोन ख्रिस्ती सेवक होते. दिल्लीत त्यांना बद्रीनाथला निघालेला यात्रेकरूंचा मोठा तांडा भेटला. अंगावर देशी पोशाख चढवून ते त्या तांड्यात सामील झाले. हरिद्वार मागे पडले आणि गढवालच्या अरुंद पायवाटा सुरू झाल्या. कुठे दोरांचे पूल, तर कुठे नदीवर गोठून राहिलेल्या बर्फाचाच पूल. वाटेवर गढवालची राजधानी श्रीनगर लागते. तिथे अधिकाऱ्यांनी त्यांना अडवले आणि सामान उघडायला लावले. त्यात काळे झगे निघाले. हे कशासाठी, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की आपण तिबेटात भावाला भेटायला चाललो आहोत, तो वारला असेल तर सुतकात घालायला हे कपडे घेतले आहेत. शेवटी त्यांची सुटका झाली.

माणा गावाला पोहोचल्यावर कळले की खिंड अजून बर्फाने बंद आहे. पण राजाची माणसे पाठीमागून येऊन आपल्याला परत नेतील, ही भीती होतीच. म्हणून बंधू मार्केस यांना मागे ठेवून फादर, दोघे सेवक आणि एक वाटाड्या पहाटेच गुपचूप पुढे गेले. लवकरच निरोप्याने त्यांना गाठले. वाटाड्याच्या घरच्यांना शिक्षा होईल असे बजावल्यामुळे वाटाड्या परत फिरला. हे तिघे मात्र चालतच राहिले.

त्यांची ती वाटचाल वाचताना आजही अंगावर काटा येतो. बर्फात ते कंबरेपर्यंत, कधी छातीपर्यंत रुतत. रात्री बर्फावर एक घोंगडी अंथरायची आणि दुसऱ्या दोन पांघरायच्या. खायला भाजलेल्या जवाचे पीठ, तेही बर्फाच्या पाण्यात कालवलेले. हातपाय इतके बधिर झाले की एकदा कशाला तरी धरताना बोटाचा तुकडा निघाला, तरी त्यांना वेदना जाणवली नाही, रक्त पाहिल्यावर कळले. गावकरी म्हणत, या डोंगरांतून विषारी वाफा निघतात आणि धडधाकट माणूस बघता बघता मरतो. फादरांना हा प्रकार थंडीचा आणि उपासमारीचा वाटला. अशा उंचीवर हवा विरळ असते आणि तिचा शरीरावर परिणाम होतो, हे आज आपण जाणतो. खिंडीच्या माथ्यावर पोहोचल्यावर पलीकडे पांढरेशुभ्र पठार दिसले, पण वाट कुठेच दिसेना. बर्फाच्या चकाकीने डोळे गेले होते. पुढे पंचवीस दिवस त्यांना प्रार्थनापुस्तकातले एक अक्षरही वाचता आले नाही. सेवकांची अवस्था पाहून ते मागे वळले.

पण आग्र्याला मात्र गेले नाहीत. खालच्या बाजूला त्यांची बंधू मार्केस यांच्याशी पुन्हा गाठ पडली आणि बर्फ वितळेपर्यंत ते थांबले. दरम्यान गुगेच्या राजाकडे निरोप गेला होता. त्याने वाटाडे आणि घोडे पाठवले, आणि ऑगस्ट १६२४ मध्ये ते त्सापरांगला पोहोचले. युरोपातून आलेल्या माणसाने हिमालय ओलांडून तिबेटात पाऊल ठेवल्याची ही पहिली खात्रीशीर नोंद मानली जाते.

राजाला वाटले होते, हे रत्नांचे व्यापारी असतील. आपण धर्मासाठी आलो आहोत असे त्यांनी सांगताच तो चकित झाला. तिथे हरवलेले ख्रिस्ती कोणीच नव्हते, होते बौद्ध धर्माचे लोक आणि त्यांचे लामा. पण राजाराणीने पाहुण्यांचे प्रेमाने आदरातिथ्य केले. परत निघताना राजाने त्यांच्याकडून पुन्हा येण्याचे वचन घेतले आणि धर्म शिकवण्याची व प्रार्थनागृह बांधण्याची लेखी परवानगी दिली. नोव्हेंबरमध्ये आग्र्याला परतून फादरांनी लिहिलेला वृत्तांत १६२६ साली लिस्बनमध्ये छापला गेला आणि युरोपातील अनेक भाषांत पोहोचला.

वचन दिल्याप्रमाणे ते १६२५ साली पुन्हा खिंड चढून गेले. १२ एप्रिल १६२६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, त्सापरांगच्या मंदिराची पायाभरणी झाली. पायाचा दगड खुद्द राजाने बसवला. फादर तिबेटी भाषा शिकू लागले आणि लामांशी चर्चा करू लागले. त्यांच्या आचारातील बरेच काही त्यांना पटत नव्हते, पण जे चांगले दिसले ते त्यांनी मोकळेपणाने लिहिले. मानवी कवटीच्या पेल्यातून पाणी पिण्याची आणि हाडांचे कर्णे वाजवण्याची तिथली रीत मरणाची आठवण राहावी म्हणून आहे, असे लामांनी सांगितले, तेव्हा फादरांना ते विचारात घेण्यासारखे वाटले. भस्म बुधवारी कपाळावर राख लावून घेणाऱ्या आपल्याला हे समजणे कठीण नाही.

परंतु या कामाचा पाया एका ठिकाणी कच्चा होता. सारे काही राजाच्या मर्जीवर उभे होते. राजाचे आणि लामांचे आधीच पटत नव्हते, आणि मुख्य लामा तर राजाचा सख्खा भाऊ होता. राजा मिशनरींना जवळ करीत गेला आणि लामांचे अधिकार कमी करीत गेला. लोकांच्या मनात राग साठत गेला. फादर आंद्रादे यांना येशूसंघाचे प्रांताधिकारी म्हणून गोव्याला बोलावण्यात आले, आणि १६३० साली त्सापरांगमध्ये उठाव झाला. उठाववाल्यांनी लडाखच्या राजाला, सेंगे नामग्यालला, बोलावले. गुगेचे राज्य बुडाले, राजा कैद होऊन लेहला गेला. मंदिर लुटले गेले. ख्रिस्ती झालेले सुमारे ४०० लोक होते. त्यांतील अनेकांना गुलाम करून लेहला नेण्यात आले. फादर फ्रान्सिस्को द आझेवेदो १६३१ साली लेहपर्यंत जाऊन आले आणि त्यांनी काम चालू ठेवण्याची परवानगी मिळवली, पण १६३५ पर्यंत मिशन बंदच पडले.

त्या नवख्या ख्रिस्ती कुटुंबांचा विचार मनातून जात नाही. ज्यांनी मंदिर बांधून दिले ते गेले, ज्यांनी शिकवले ते दूर राहिले, आणि किंमत मात्र त्यांनी मोजली. श्रद्धा कोणाच्या सत्तेच्या आधाराने रुजवू गेलो की सत्ता पडताना ती दुबळ्यांच्या अंगावर पडते. आपले शेजारी कोणत्याही धर्माचे असोत, त्यांच्या मनात आपल्याविषयी काय आहे हेही पाहावे लागते.

फादर आंद्रादे यांनी तिबेट सोडले नव्हते. १६३४ साली सहा सहकाऱ्यांसह परत जाण्याची त्यांची तयारी चालू होती. गोव्यात ते सेंट पॉल कॉलेजात राहत आणि धर्मन्यायालयाचेही काम पाहत. तिथेच त्यांच्यावर विषप्रयोग झाला आणि १९ मार्च रोजी, संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. मृत्यूची चौकशी झाली तेव्हा संशय परक्यांवर नव्हे, घरातल्याच माणसांवर घेतला गेला. बर्फातून जो वाचला त्याला आपल्या माणसांमध्ये मरण आले, ही गोष्ट आपण झाकून ठेवू नये.

आणि बंधू मानुएल मार्केस? १६४० साली ते पुन्हा एकदा त्या खिंडीवर गेले आणि पकडले गेले. १६४१ मध्ये त्यांचे पत्र आग्र्याला पोहोचले, त्यानंतर त्यांच्याकडून काहीच आले नाही. ज्यांचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही, अशा या साध्या बंधूने ती वाट पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सोडली नाही.

त्सापरांगचे ते मंदिर आज उभे नाही. पण आज रविवारच्या मिस्साला दहा मिनिटे चालत येणाऱ्या आपण, वाटेवर क्षणभर त्या दोघांची आणि लेहला नेलेल्या त्या निनावी ख्रिस्ती बंधुभगिनींची आठवण करू या, आणि त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणू या.